तीनशे बारा पानं आणि एक

बालाघाटच्या कोर्टासमोर टायपिंगच्या अकरा टपऱ्या आहेत आणि सगळ्यात वेगवान बोटं माझी, महेंद्र नागदेवेची. वकिलाचा चहा संपायच्या आत शपथपत्र त्याच्या हातात. पण वेगवान टायपिस्टाबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती मी सांगतो. तो वाचत नाही. डोळे कागदावर, बोटं कळांवर आणि डोकं घरी. मजकूर डोळ्यांतून शिरतो आणि बोटांतून निघून जातो, मधे कुठं टेकत नाही. घटस्फोट असो की खून, मी अठरा वर्षांत एक ओळ वाचलेली नाही.

एक सवय मात्र पक्की होती. पानाच्या खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'म. ना.' आणि टाइप केल्याची तारीख. पुनारामकाकांनी, ज्यांच्याकडे मी टाइपरायटर शिकलो, कानाला धरून ही सवय लावली होती. "काम आपलं आहे त सही आपली पाह्यजे," म्हणायचे.

माझी बहीण संघमित्रा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता, दहावीपर्यंत उजेड थोडा थोडा करत गेला आणि मग गेलाच. त्यानंतर ती बी. ए. झाली, ती दुसऱ्यांच्या तोंडानं वाचून. माय, म्हणजे तुळसाबाई, तिसरी शिकलेली. ती वाचायची तर अक्षराला अक्षर जोडत, एका पानाला तासभर. मी वाचायचो तर झोप आली की चार पानं गाळायचो. संघाला ते कळायचं. "दादा, आता बादशहा गादीवर बसला नाही तं मेला कसा?" असं विचारायची, आणि मी गुपचूप मागे जायचो.

२००८ च्या दिवाळीनंतर एका सरकारी खात्यात अंधांसाठी राखीव असलेली सहायकाची एक जागा निघाली. खात्याचं नाव लिहीत नाही. मेरिट बी. ए. च्या मार्कांवर, नंतर मुलाखत, आणि मुलाखतीत कंप्यूटर चालवून दाखवायचा. संघानं अर्ज केला. आमच्या जिल्ह्यातून तिचा एकटीचा अर्ज होता. मग ती महिनाभर नागपूरला एका ट्रेनिंगला गेली. तिथं तिला कळलं की एक फुकटातलं सॉफ्टवेअर आहे, जे पडद्यावरचं सगळं बोलून दाखवतं.

फोनवर नुसती ओरडत होती. "दादा! मी आज एक पूर्ण पान वाचलं! मी! कुनाचंच तोंड नाही मधे! तू आफिसच्या नियमाचं ते पुस्तक टाइप करून ठेव. मुलाखतीत त्यातलंच विचारतात."

टाइप करून ठेव! हे मला सांगायचं असतं का? तीनशे बारा पानं. कोर्टाचं काम सांभाळून ती परत यायच्या आत खलास. प्रत्येक पानाखाली म. ना. ती सहा फेब्रुवारीला गोंदियाच्या गाडीनं आली तेव्हा स्टेशनवरच सांगितलं, "तुहं पुस्तक तयार आहे." तिनं भर फलाटावर माझी पाठ बडवली.

मुलाखत सतराला. अकरा दिवस.

दुसऱ्या दिवशी टपरीत माझ्या कंप्यूटरला तिनं पेन ड्राइव्ह लावला. त्या डबड्यातून सर्दी झालेल्या माणसासारखा आवाज निघाला आणि पडद्यावरचं एकेक नाव बोलू लागला. आजूबाजूच्या टपऱ्यांतले टायपिस्ट कामं टाकून दाराशी उभे. मी छाती फुगवून पुस्तकाची फाइल उघडली.

मशीन म्हणाली, "एफ यू ई डी के वाय जे."

"आवाज नीट कर," मी म्हणालो.

"आवाज नीट आहे, दादा." तिनं खालची ओळ घेतली, मग दहावं पान, मग शंभरावं. सगळीकडे तेच. कुत्रं भुंकल्यासारखं. दाराशी कुणीतरी फिस्सकन हसलं. संघाचा चेहरा मी पाहिला आणि मान खाली घातली.

झालं होतं असं. इथं घरात मराठी चालते, पण सरकारी कागद सगळे हिंदीत. आम्ही टायपिस्ट ज्या फॉन्टात हिंदी टाइप करतो, जो इथल्या सगळ्या कचेऱ्यांत चालतो, त्यात हिंदी म्हणजे नुसती वरची रंगरंगोटी. पडद्यावर 'राम' दिसतं, पण आत कंप्यूटरला ठाऊक असतात ती तीन इंग्रजी अक्षरं. डोळेवाल्याला रंग दिसतो, त्याचं भागतं. अंधासाठी आत कचरा. आणि मी तिला तीनशे बारा पानं कचरा टाइप करून दिला होता, मोठ्या प्रेमानं! नागपूरला त्यांची पानं नव्या पद्धतीची होती, यूनिकोडची. त्यामुळे हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"पुन्हा टाइप करतो," मी म्हणालो.

"दहा दिवसात? नवीन कीबोर्ड तुले येते का?"

येत नव्हता. राग कुणावर काढावा तेच कळेना. ज्यांनी हा फॉन्ट कचेऱ्यांत बसवला त्यांच्या डोक्यात आंधळा माणूस कधी आलाच नाही. आला असेल तर तो पेटी घेऊन गाणं म्हणणारा. फाइल वाचणारा नाही.

रविवारी कोर्ट बंद. तरी संघा म्हणाली, टपरी उघड. बसली आणि म्हणाली, "दादा, 'राम' टाइप कर."

केलं. तिनं बाणाची कळ दाबत एकेक अक्षर ऐकलं. "जे. के. ई."

"आता 'काम' कर."

"डी. के. ई."

तिनं दोन्ही शब्द पुन्हा ऐकले. मग खुर्चीतच उसळली. "दोन्हीकडे के-ई आहे! म्हंजे के म्हंजे काना आणि ई म्हंजे म! जे म्हंजे र, डी म्हंजे क! दादा, हे कचरा नाही. हे दुसऱ्या लिपीतली हिंदी आहे!"

अठरा वर्षं मी 'र' साठी तीच कळ मारत आलो. माझ्या बोटांना ठाऊक होतं, मला नव्हतं.

"तुह्या बोटात पूर्ण तक्ता आहे," ती म्हणाली. "काढ बाहेर."

आणि आम्ही लागलो. मी डोळे मिटून एकेक अक्षर टाइप करायचो, ती ऐकून जोडी सांगायची आणि मी ती पाठकोऱ्या शपथपत्रांवर लिहायचो. साधी अक्षरं दुपारपर्यंत झाली. मग अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, मात्रा. लाईट दहाला जायची ती दोनला यायची, तेवढ्यात आम्ही कागदावर पुढची तयारी करायचो. सोमवार-मंगळवारी वकील बोंबलत होते. एकाला तर मी हात जोडून शेजारच्या महागूच्या टपरीत पाठवलं.

महागू जीभ चालवणारा माणूस. कागद घेता घेता म्हणाला, "काहून महेंदर, बहिणीले टायपिंग शिकवून राह्यला का?"

"नाही महागूभाऊ," संघा आतून म्हणाली, "त्याले वाचाले शिकवून राह्यली."

सगळी ओळ हसली. मीही हसलो. ते किती खरं होतं हे पुढच्या आठवड्यात कळायचं होतं.

बुधवारपर्यंत एकशे त्र्याऐंशी जोड्या जमल्या. टाइपिंगच्या प्रोग्रामात एक सोय असते. 'हे शोध, त्याच्या जागी ते टाक' असं एकदा करून दाखवलं की मशीन ते लक्षात ठेवते आणि पुढे एका कळीवर सगळं आपलं आपण करते. मी एकशे त्र्याऐंशी वेळा करून दाखवलं. मग कळ दाबली. पडदा थरथरला, अक्षरं पटापट बदलली. संघा कान देऊन बसली. मशीननं 'काम' म्हटलं! 'कागज' म्हटलं! मी टेबलावर मूठ आपटली. मग 'नियम' आला आणि मशीन अडखळली. 'दिन' आला, पुन्हा अडखळली.

पहिली वेलांटी. जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी टाइप करतात, कारण डोळ्यांना ती आधी दिसते. नव्या पद्धतीत ती अक्षरानंतर पाहिजे, कारण तोंड ती नंतर बोलते. एवढासा फरक. पण हिंदीत पहिल्या वेलांटीशिवाय एक ओळ सरकत नाही. आमची सगळी गाडी तिथं रुतली.

गुरुवारी, बारा तारखेला, संघा त्याच वेलांटीशी झुंजत होती. प्रोग्रामात 'मदत' नावाचं एक पान असतं, इंग्रजीत. बालाघाटात ते आजवर कुणी उघडलं नसेल. ती सकाळपासून ते ऐकत होती, अगदी सुरुवातीपासून, ओळ न गाळता. तेवढ्यात त्याच खात्याचा चपराशी आला. त्यांचा ऑपरेटर गोंदियाला लग्नाला गेलता. असं झालं की तिथलं किरकोळ टायपिंग माझ्याकडेच यायचं. हातानं लिहिलेले तीन कागद होते, आणि पेन ड्राइव्ह.

"बड़े बाबू बोले, अभी चाहिए."

"संघे, ऊठ दहा मिनिटं."

"दादा, मी ऐन ठिकाणी आहे ना!"

"ऊठ म्हनतो."

ती करवादत उठली, कीबोर्ड सोडून माझ्या खांद्याशी उभी राहिली. मी बसलो. डोळे कागदावर, बोटं कळांवर, डोकं त्या वेलांटीत. तीन कागद, तीन फाइली, सात मिनिटं. खाली म. ना., बारा-दोन-नऊ. चपराशी गेला.

ती पुन्हा बसली आणि पाव तासानं तिनं माझं मनगट धरलं. एवढ्या जोरात की बांगडी रुतली.

"सापडलं! प्रश्नचिन्ह टाकलं की मशीन समजते, कोणतंही एक अक्षर! 'वेलांटी आणि कोणतंही अक्षर' शोधाचं आणि उलटं करून टाकाचं! ते आधी कराचं, बाकी मंग!"

केलं. कळ दाबली. आणि त्या सर्दीवाल्या आवाजानं स्पष्ट, खणखणीत म्हटलं, "नियम एक. कार्यालय में प्राप्त प्रत्येक पत्र..."

मी ओरडलोच. महागू धावत आला, त्याला वाटलं शॉक लागला. माय डबा घेऊन आली होती, ती दारातच उभी. "हे कोन बोलून राह्यलं?"

"तुह्या लेकानं टाइप केलेलं पुस्तक, माय!" संघा म्हणाली.

माय पूर्ण एक पान उभ्यानं ऐकत राहिली. मग म्हणाली, "माह्यापेक्षा तं बरंच वाचते." आणि पदर डोळ्याला लावला. संघाला ते दिसलं नाही, पण नाक ओढलेलं ऐकू आलं. "माय, रडू नोको, मले ऐकू दे," ती म्हणाली. पुढचे चार दिवस ती जेवतानाही नियमच ऐकत होती.

सतराला मुलाखत. तीन जण बसलेले. मधे साहेब. एका बाजूला अहिल्या देशकर मॅडम, दुसऱ्या खात्यातून आलेल्या, कारण कमिटीत बाहेरचं एक माणूस लागतं. आणि बडे बाबू बाबूलाल, चष्मा कपाळावर चढवलेला. मी संघाला खुर्चीपर्यंत नेलं आणि दाराशी उभा राहिलो. कुणी जा म्हटलं नाही.

नियम विचारले. संघानं पान क्रमांकासकट सांगितले. देशकर मॅडम हसल्या, साहेबानं घड्याळ पाहिलं.

"वो सब ठीक है," साहेब म्हणाले. "मगर बेटा, यहाँ काम कंप्यूटर पर होता है. तुम फाइल कैसे पढ़ोगी?"

"आप कोई भी फाइल दीजिए, सर."

बाबूलालनं पडदा तिच्याकडे फिरवला, तिचा पेन ड्राइव्ह, ज्यात आता आमचा तक्ताही भरलेला होता, लावून दिला आणि यादीतली सगळ्यात वरची फाइल उघडली. चष्मा कपाळावरच. ऑफिसच्या फाइलींना नावं नसतात, आकडे असतात. सगळ्यात नवी सगळ्यात वर, ही तीन नंबर होती.

मशीन भुंकू लागली. "एफ, ओ, के, वाय..."

बाबूलाल खुर्चीत हलून हसला. "ये कौन सी भाषा है? चीनी?"

"भाषा आप ही के दफ़्तर की है," संघा म्हणाली. "दो मिनट दीजिए."

साहेबानं समोरचा निकालाचा कागद ओढला, आता हे संपवायचं अशा हातानं. संघाची बोटं चालली. मला दारातून त्या कळांचा आवाज ओळखीचा होता. आधी वेलांटी, मग बाकी. पुस्तकावर चाललं, इथं चालेल का? एक जोडाक्षर राहिलं असेल तर?

मशीन बोलली.

"विषय. दृष्टिबाधित हेतु आरक्षित सहायक का एक पद. साक्षात्कार में उपस्थित एकमात्र अभ्यर्थी कंप्यूटर पर कार्य करने हेतु उपयुक्त नहीं पाई गई. अतः उक्त पद रिक्त रखा जाना प्रस्तावित है."

बाबूलालचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. मशीनला शरम नसते, ती पुढे गेली.

"म. ना. बारह. दो. नौ."

तो कागद माझ्या हातून गेला होता. माझ्या बहिणीचा निकाल मी टाइप केला होता, मुलाखतीच्या पाच दिवस आधी, ती माझ्या खांद्याशी उभी असताना. सात मिनिटांत तीन कागद, आणि एक शब्द डोक्यात शिरला नव्हता.

संघाची मान किंचित माझ्याकडे वळली. तिलाही कळलं होतं.

"बारा तारीख?" देशकर मॅडम मराठीतच बोलून गेल्या. "आज सतरा आहे. बाबूलालजी, आपने पाँच दिन पहले कैसे देख लिया कि ये लड़की उपयुक्त नहीं है?"

"मैडम, वो तो... ड्राफ्ट है... तैयारी के लिए..."

"टाइप किसने किया?" साहेब गरजले. लिहिलं कुणी हे नाही विचारलं!

बाबूलालनं माझ्याकडे बोट केलं. या खात्याचं काम गेलं, हे त्याच क्षणी कळलं. गेलं तर गेलं. मी दारातून पुढे आलो.

"मैंने किया. म. ना. मैं हूँ. कागज़ बड़े बाबू के हाथ का लिखा था, मेरी टपरी में पड़ा है, दस मिनट में ला देता हूँ. मैंने बिना पढ़े टाइप किया. बड़े बाबू ने बिना पढ़े खोला. और सर, शाम को आप बिना पढ़े दस्तख़त कर देते. इस कमरे में अभी तक किसी ने ये फाइल पढ़ी है तो सिर्फ़ इसने!"

आवाज माझा फाटला होता. साहेबाचा चेहरा लाल. एक क्षण वाटलं, आता दोघांनाही बाहेर काढतात आणि संघाची जागा माझ्या तोंडामुळे जाते. तेव्हा ती बोलली. शांत, एखाद्या जुन्या कारकुनासारखी.

"सर, ये फाइल मैं पढ़ चुकी. अब दूसरी दीजिए."

देशकर मॅडम आता खळखळून हसल्या. मग स्वतः उठल्या आणि माऊस हातात घेतला. दुसरी फाइल, तिसरी, चौथी. रजेचा अर्ज, पाण्याच्या मोटरीचं बिल, कुणाच्या तरी पेन्शनचा चौदा महिने अडकलेला कागद. मशीन वाचत होती आणि संघा प्रत्येकानंतर सांगत होती, यावर कोणत्या नियमानं काय करायचं. पाचव्या फाइलीनंतर साहेबानं हात वर केला. "बस." मग आपल्या समोरचा कागद फाडला आणि मॅडमनी दुसरा कोरा कागद त्यांच्याकडे सरकवला.

बाहेर आलो. चिंचेखाली ती थांबली.

"दादा, तू टाइप केलं."

"हौ."

"मी बाजूले उभी होती."

"हौ."

"थोबाडीत मारू का तुले?"

"मार."

तिनं हात उचलला, माझा गाल चाचपला आणि खरंच मारली. चांगली सणसणीत. मग हसायला लागली, थांबेचना. "पण तू म. ना. आणि तारीख टाकली नसती ना, तं ते ड्राफ्टच राह्यलं असतं! पुनारामकाकाले मिठाई द्या लागते!"

दहा दिवसांनी तोच चपराशी टपरीवर आला. ऑपरेटर लग्नाहून आला तो तापानं आजारी. एकच कागद होता, आणि चपराशी दात काढत होता. मी कागद हातात घेतला आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा आधी वाचला. वरपासून खालपर्यंत. दोनदा. नियुक्ती आदेश, कुमारी संघमित्रा हिरालाल नागदेवे.

तो मी नव्या पद्धतीत टाइप केला. एकेक कळ शोधत, पहिलीतल्या पोरासारखा. बालाघाटच्या सगळ्यात वेगवान बोटांना एका पानाला सव्वा तास लागला. महागू तीनदा येऊन टोमणा मारून गेला. मी तोंड वर केलं नाही.

संघा दुपारी डबा घेऊन आली. खुर्ची दिली, फाइल उघडली आणि बाजूला झालो.

तिनं ऐकलं. नाव आलं तेव्हा बाण मागे घेतला आणि पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. तिचे ओठ मशीनबरोबर हलत होते. मी वाट पाहत होतो, आता रडते की ओरडते.

"दादा."

"काय?"

"हजर व्हाची तारीख शुक्रवार, दोन मार्च लिवली आहे. दोन मार्चले सोमवार येते."

मी कागद पाहिला. कागदात सोमवारच होता. चूक माझी.

"सरक," ती म्हणाली. कीबोर्ड स्वतःकडे ओढला, शुक्रवार खोडला आणि सोमवार लिहिलं.